गाळ्यातला पाला

चिंतामणी कर्णिकांना आताशा कशाचंच आश्चर्य वाटत नसे. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढल्यावर आणखी काय होणार? ड्रम आला की नमुना काढायचा, कागदाशी ताडून बघायचा, जुळला तर पास, नाही जुळला तर परत. माल पुढे कुणाच्या पोटात जाणार की कुणाच्या नदीत, हा आपला विषय नव्हे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी डोकं तसंच चालायचं. बदलापूर गावातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, सकाळचा दुसरा चहा, शब्दकोडं, गुडघ्याला तेल. कुणी काही विचारलं की "हो हो, करा" म्हणून मोकळं व्हायचं. थकलेल्या माणसाचं असंच असतं हो, नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास दारात वेणू येऊन उभी राहिली. वेणू जवळच्या चामटोली गावची, साठीला टेकलेली. चिंतामणींच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात ती चार महिन्यांपासून पाला वाळवायच्या कामाला होती. गाळा कुंदाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या नावावर होता आणि भाड्याने दिला होता कुंदाच्याच बहिणीच्या मुलाला, यज्ञेशला. धंदा काय, तर 'हर्बल धूप'.

"साहेब, माझ्या नातवाला उल्हासनगरला नेलाय," वेणू उंबऱ्यातूनच म्हणाली. "एकोनीस दिवसांचा हाय. डोले उघडत नाय, दूध वढत नाय, मधीच श्वास थांबतो. सूनबाय पन चक्कर येऊन पडली व्हती, ती उठली. पोर उठत नाय."

कुंदाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं, प्यायलीच नाही.

"डॉक्टरीनबाय इचारतात, म्हातारे, घुटीत अफू घातलीस का? मी नाय बोलले तर कोनी ऐकत नाय. माझा अमित, पोटचा पोरगा, सगल्यांसमोर बोललान की तूच कायतरी चारलंस. मना हाकललान तितून. साहेब, तुमी शिकलेली मानसं. चला, आनि त्यांना विंग्रजीत समजवा, की हिनं काय दिला नाय."

"अगं पण दिलं नाहीस ना खरंच?" कुंदाने विचारलं.

"गल्याची आन, वैनी."

चिंतामणींनी शब्दकोड्याचं पेन बंद केलं. जुनी सवय, बिघाड झाला की सुरुवातीपासून विचारत यायचं. सकाळी काय काय केलंत? वेणूने सांगितलं. तेल लावलं, आंघोळ घातली, बाळंतिणीला आणि बाळाला खोलीचं दार लावून शेगडीवर धुरी दिली.

"धुरीत काय टाकलं?"

"रोजचाच. लसनीच्या साली, शेपा. ओवा संपला व्हता, मग गाल्यावरचा पाला टाकला मूठभर. धुपाचाच हाय ना तो, वास चांगला येतो. तुमालाच नाय का इचारला शुक्रवारी?"

चिंतामणींना ते आठवलं. शुक्रवारी ते मीटरचा फोटो काढायला गाळ्यावर गेले होते. वेणू झाडू मारत होती. खाली सांडलेला पाला पिशवीत भरून तिने विचारलं होतं, साहेब, हा नेऊ का, घरात बाळंतीण आहे. मीटरवरचा आकडा दिसत नव्हता, मान अवघडली होती. ते म्हणाले होते, "ने ने, कचराच आहे."

त्या पाल्यात काय होतं हे त्यांना माहीत होतं. माहीत नाही असं म्हणायला जागाच नव्हती. गाळ्यात पाऊल टाकलं की नाकाला झोंबणारा तो अॅसिटोनचा वास, तो ओळखायला का कुणाला विचारावं लागतं? कसल्याशा झुडपाचा सुका निरुपद्रवी पाला पोत्यांतून यायचा. ताडपत्रीवर पसरायचा, ड्रममधली पांढरी पावडर अॅसिटोनमध्ये विरघळवून शेतातल्या फवारणीच्या पंपाने त्यावर मारायची, वाळवायचं आणि चकचकीत पाकिटांत भरायचं. पाकिटावर छापलेलं, 'फक्त सुगंधासाठी, सेवनासाठी नाही'. आणि कॉलेजची पोरं ते सिगरेटीत भरून ओढत. ही पावडर गांजाची नक्कल होती, प्रयोगशाळेत बनवलेली. गांजाच्या कितीतरी पट जहाल, आणि दोन पाकिटांत एकसारखी कधीच नाही, कारण पंपाचा फवारा कुठे दाट पडतो, कुठे विरळ.

पहिल्या महिन्यातच त्यांनी यज्ञेशला हटकलं होतं. तो हसला होता. "काका, टेन्शन नका घेऊ. गांजावर बंदी आहे, याच्यावर नाही. सरकारची यादी बघा ना. नाव असेल तर उद्या शटर डाऊन."

आणि चिंतामणींनी खरंच यादी बघितली होती! चष्मा पुसून दोन दुपारी ती सरकारी अधिसूचना वाचली. याच रसायनाच्या कुटुंबातली कितीतरी नावं यादीत होती, त्यांच्यावर बंदीही होती. पण यज्ञेशच्या ड्रमवरचं नाव नव्हतं. कुणीतरी परदेशात बसून रेणूचा एक तुकडा बदलला होता, तेवढ्याने ते यादीबाहेर गेलं होतं. सरकार नवं नाव घालेस्तोवर ती मंडळी आणखी एक तुकडा बदलणार. हा खेळ त्यांना लगेच कळला. तरी कागदाशी जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी यादी मिटली आणि निवांत झोप काढली. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण तेव्हा वाटली नाही.

"चल, मी येतो," ते वेणूला म्हणाले. काय झालं ते कुंदाला सांगायचं धाडस झालं नाही. चपला घालताना त्यांचा तोल गेला, ते तिने पाहिलं आणि गुडघ्यामुळे असेल असं समजून काठी दिली.

रिक्षा अंबरनाथच्या सिग्नलला अडकली तेव्हा त्यांनी यज्ञेशला फोन लावला. वेणू शेजारी होती, म्हणून हळू आवाजात, अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत सांगितलं.

"काका, प्लीज, तुम्ही काही बोलू नका," यज्ञेशचा आवाज चिरकला. "मी आत्ता माल हलवतो. केस होणारच नाही, लीगल आहे. पण तुम्ही तोंड उघडलंत तर फुकट लोचा होईल. गाळा मावशीच्या नावावर आहे, विसरलात का? पोलीस आधी तिला बोलावतील."

चिंतामणींनी फोन ठेवला. बायकोला बीपी आहे, ती पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलेली नाही, हे सगळं खरं होतं. गप्प बसलं तर? डॉक्टर आहेतच की, त्या काढतील शोधून. मी काय देव आहे? उल्हासनगर येईपर्यंत ते मनाशी हेच घोळवत राहिले. वेणू मात्र मध्येच त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमी हाव म्हनून धीर आला."

हॉस्पिटलच्या जिन्याजवळच्या बाकावर अमित बसला होता. आईला पाहून त्याने तोंड फिरवलं. आत काचेपलीकडे बाळ होतं, तोंडात नळी, छातीवर वायरी. ते इतकं लहान होतं की चिकटपट्टीनेच अर्धा चेहरा झाकला होता. डॉक्टर राजसी तिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"तुम्ही नातेवाईक? हे बघा, अफूवरचा उतारा देऊन झाला, काही फरक नाही. आता मेंदूज्वर समजून पाठीच्या कण्यातून पाणी काढतेय. नेमकं काय पोटात गेलंय ते कुणी सांगतच नाहीये."

एवढं बोलून ती आत गेली आणि तिने ट्रेमधली सुई उचलली. उघड्या दारातून ती सुई आणि बाळाची वळवलेली पाठ चिंतामणींना एकदमच दिसली.

"थांबा," ते म्हणाले. "पोटात नाही, धुरातून गेलंय." आणि पाला, पावडर, धुरी, सगळं सांगितलं; आपल्याला ते आधीपासून माहीत होतं, तेवढं सोडून. राजसीच्या कागदावर पावडरचं लांबलचक नाव, आकड्यांसकट, अक्षर न चुकता लिहून दिलं.

राजसीने नाव वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं. "याला उतारा नाही, काका. शरीर ते बाहेर टाकेल, तोवर श्वास आपण द्यायचा. पण सुई तरी टळली." मग तिने एकदम विचारलं, "आणखी कुणी नेलाय का हा पाला?"

वेणू घाबरून म्हणाली, "माझ्याकडनं शेजारच्या चांगुनानं नेलाय. मच्छरांसाठी." अमितने तेवढं ऐकलं आणि गावात फोन लावला, पाला पेटवू नका म्हणून ओरडून सांगितलं. आईशी तो तेव्हाही बोलला नाही.

दुपार सरता सरेना. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते चिंतामणींना त्या बाकावर कळलं. साडेचारला बाळाने मूठ आवळली. पाचला ते नळीशी झगडायला लागलं. राजसी बाहेर येऊन म्हणाली, "भांडतंय, हे चांगलं आहे. आजची रात्र बघू." वेणू भिंतीला टेकून खाली बसली आणि घळाघळा रडली.

त्यानंतर हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार महेश कागद घेऊन आला. विषाचा प्रकार म्हटल्यावर नोंद करावीच लागते. अमितने घरून मागवलेली पिशवी त्याने अमली पदार्थ ओळखायचं किट लावून तपासली होती.

"गांजा नाय निघाला," तो बाकाच्या टोकाला बसत म्हणाला. "आमच्या साहेबांना फोन केला, ते बोलले या पावडरीचं नाव यादीत नाय, तर नार्कोटिक्सचं कलम लागत नाय. नमुना लॅबला पाठवतो, रिपोर्ट येईल तेव्हा येईल. आता मावशी, पाला आणला कुठून?"

वेणूने एकदा चिंतामणींकडे पाहिलं. अंगात मळकी बंडी, हातात काठी, तिच्यासाठी सकाळपासून उपाशी बसलेले साहेब.

"चोरला," ती म्हणाली. "झाडताना गुपचूप पिशवीत घातला. साहेबांचा काय संबंध नाय. ते आपले मदतीला आले."

"झालं तर." हवालदाराने सुटकेचा श्वास सोडला. "चोरी, आणि वर निष्काळजीपणाने लेकराच्या जिवाला धोका. धुरी दिली कोणी, हिने दिली. काका, तुम्ही जा घरी. म्हातारे झालात, उगाच लफड्यात पडू नका."

घरी जावं असं चिंतामणींना इतकं वाटलं, इतकं वाटलं, की काठीवर जोर देऊन ते उठलेसुद्धा. यज्ञेश म्हणाला तेच खरं होत होतं. पावडर सुटली, ती बनवणारे सुटले, विकणारे सुटले, यादी वाचून गप्प बसणाराही सुटला. सापडली ती एकटी, जिने नातवाला धुरी दिली. आणि ती त्यांच्यासाठी खोटं बोलत होती.

"तिने चोरला नाही," ते उभ्यानेच म्हणाले. "मला विचारून नेला. बाळंतिणीसाठी आहे असंही सांगितलं होतं. मी ने म्हणालो."

हवालदाराने कपाळाला हात लावला. "अहो काका... तुम्हाला माहीत होतं का ते काय आहे?"

"माहीत होतं. यादीत नाव नाही, एवढं बघून मी गप्प बसलो होतो."

"गाळा कोणाच्या नावावर?"

"बायकोच्या. तिला यातलं काही ठाऊक नाही, किल्ली माझ्याकडे असते. भाडेकरूचं नाव सांगतो, तेही लिहा."

अमित बाकावर सरकला. सकाळी हाकलल्यानंतर पहिल्यांदा तो आईशी बोलला, "आई, बस इथे." पण वेणू बसली नाही. ती उठून चिंतामणींच्या समोर आली.

"तुमाला ठाव होता?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. "चार महिने मी ह्या हातांनी तो पाला पसरला. दुपारी डोका गरगरायचा, उलट्या व्हायच्या. तवा तुमी बोललात, वेणू, ऊन लागला, लिंबू-पानी घे. तवा पन ठाव होता, साहेब?"

"होतं," चिंतामणी म्हणाले.

वेणू जाऊन मुलाशेजारी बसली. हवालदाराने लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला आणि चिंतामणींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.