पारावरचं पाणी

लीलाबाईंचा दिवस उंबराला पाणी घातल्याशिवाय उजाडत नसे. साताऱ्यातली ही माजी सैनिकांची वसाहत वसली तेव्हा तो उंबर तिथं होता, आणि तेव्हाही म्हाताराच होता. निवृत्त होऊन आलेल्या जवानांनी प्लॉट पाडले, रस्ते आखले. पण उंबरापाशी आल्यावर रस्त्यानंच वळण घेतलं. उंबर म्हणजे दत्तगुरूंचं ठाणं. तिथून दोरी सरळ नेण्याची कुणाची छाती झाली नाही. पुढं लीलाबाईंचे यजमान, हवालदार जोतीराम, ज्यांना सगळी वसाहत तात्या म्हणायची, त्यांनी चार सोबती जमवून खोडाभोवती दगडी पार बांधला, वर पादुका बसवल्या आणि दत्तजयंतीचं कीर्तन सुरू केलं.

तात्या गेले. वर्षश्राद्धाला लीलाबाईंनी पारावर काळी गुळगुळीत फरशी बसवून घेतली, ती थेट खोडाला भिडवून. फट राहिली की मुंग्या होतात म्हणून. पुढच्या कडेला तात्यांच्या नावाची पाटी. तेव्हापासून रोज पार झाडायचा, एक पान राहू द्यायचं नाही, फरशी पुसायची, पादुकांवर फूल वाहायचं, आणि बुंध्याला तांब्याभर पाणी घालून प्रदक्षिणा घालायच्या. पारावर कुणी चपलेनं चढलं, तर त्याची आई कुठल्या गावची, अशी लीलाबाई चौकशी करत.

यंदा भादव्यात, वारा ना पाऊस अशा दुपारी, उंबराची मांडीएवढी फांदी कडाडली आणि शेजारच्या मानसिंगच्या पत्र्याच्या शेडवर आली. शेडमध्ये त्याच्या मुलीची, अंकिताची स्कूटर होती. ती नुकतीच गाडी लावून घरात शिरली होती. स्कूटर चेपली, पोर वाचली. मानसिंग फौजेत ट्रक चालवून आलेला गडी, सहसा घाबरणारा नव्हे. पण दुसऱ्या दिवशी त्यानं झाड तोडण्यासाठी नगरपालिकेत अर्ज दिला.

पारावरच बैठक भरली.

"मानसिंग, दत्ताच्या झाडावर कुऱ्हाड घालणार व्हय रं तू?" लीलाबाईंनी विचारलं.

"मी कशाला घालतोय, काकी? नगरपालिका घालंल."

"म्हंजी पाप त्यांच्या नावावर."

लोक हसले. मानसिंग हसला नाही. "पोरगी दाराच्या आत एक पाऊल हुती. तुमीच सांगा, कुणी वाचवली तिला?"

"दत्तगुरूंनी."

"मग दर बारीला त्यांनीच पळायचं का, काकी? आपून काय करायचंच न्हाई?"

लीलाबाईंनी झाडू उचलला आणि मानसिंग उभा होता तेवढीच जागा झाडून काढली.

चार दिवसांनी नगरपालिकेच्या उद्यान विभागातल्या संयोगिताबाई आल्या, तशी वसाहत पुन्हा पाराशी जमली. खोडावर लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं, कान लावला, वर शेंड्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाड मेलेलं नाही. म्हातारं आहे आणि उपाशी आहे. वाळक्या फांद्या उतरवू, भार हलका करू. पण ही फरशी काढावी लागेल. खाली ना हवा जाते, ना पाणी."

लीलाबाई ताडकन उठल्या. "बाई, तुमी आज आला. मी रोज पानी घालती या झाडाला."

"घालता ना, मावशी. मुळापर्यंत जातं का, तेवढं एकदा बघा." संयोगिताबाईंचा आवाज मऊ होता, पण पुढचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "दत्तजयंतीपर्यंत पार मोकळा झाला, तर झाड राखा म्हणून लिहीन. नाहीतर धोकादायक म्हणून तोडायला लिहावं लागेल. उद्या कुणाच्या डोक्यात फांदी पडली तर मला झोप यायची नाही."

वसाहतीचे अध्यक्ष दादासो घसा खाकरून म्हणाले, "पार तात्यांचा हाय. काकी व्हय म्हणत्याल तर फोडायचा, न्हाई तर न्हाई."

सगळ्यांनी लीलाबाईंकडं पाहिलं. त्यांनी आपला तांब्या उचलला आणि घरची वाट धरली.

घरी येऊन त्यांनी उंब्रजला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आक्का, देवाचं बांधल्यालं फोडत न्हाईत." हवं होतं तेच ऐकायला मिळालं, तरी 'मुळापर्यंत जातं का' हे संयोगिताबाईंचं बोलणं रात्रभर कानातून जाईना.

सकाळी त्या नेहमीसारख्या आल्या. पार झाडला, फरशी पुसली, बुंध्याला तांब्या उपडा केला. आणि रोज ज्या घटकेला डोळे मिटत, त्या घटकेला आज उघडे ठेवले.

पाणी खोडाला लागलं, थोडं घुटमळलं आणि फरशीवर पसरलं. मग धार धरून कडेला आलं. तात्यांचं काम पक्कं. कीर्तनाला बसणाऱ्यांखाली ओल नको म्हणून त्यांनी पाराला मुद्दाम उतार ठेवला होता, आणि लीलाबाईंच्या गवंड्यानं तोच उतार फरशीत उतरवला होता. पाणी तात्यांच्या नावाच्या पाटीवरून खाली सांडलं, रस्त्याच्या कडेनं निघालं. लीलाबाई अनवाणी त्याच्या मागं मागं चालल्या. मानसिंगच्या फाटकाशी गटार होतं. तिथं ते पडलं.

फाटकात मानसिंग दात घासत उभा होता. "काय हरवलं का, काकी?"

"पानी," लीलाबाई म्हणाल्या.

त्या परत गेल्या, घरातून बादली भरून आणली, ओतली. बादलीही गटारात गेली. मग तिथंच पारावर बसल्या. गेल्या दत्तजयंतीला वाईच्या उमाताईंनी कीर्तनात एक दृष्टांत लावला होता. एका बाईच्या घरी पाहुणा येतो. ती त्याचे जोडे पुसते, चकाकवते, उन्हातून सावलीत ठेवते, आणि या गडबडीत पाहुणा उपाशी उठून जातो. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं लीलाबाईच हसल्या होत्या. घरी जातानाही त्या बाईचं नाव काढून काढून हसल्या होत्या.

मानसिंग तोंड धुऊन जवळ आला. बादली बघून त्याला काय ते कळलं. हा गडी एरवी टोमणा सोडायचा नाही. पण आज त्यानं रिकामी बादली बाजूला ठेवली आणि खालच्या पायरीवर बसला.

"इतकी वर्सं रं," लीलाबाई म्हणाल्या. "तुझ्या गटाराला पानी घातलं मी."

"म्हणून तर आमचं गटार कवा तुंबलं न्हाई, काकी."

त्यांना हसू आलं आणि डोळ्यांना पदरही लावावा लागला. मग त्या म्हणाल्या, "दादासोला सांग, फोडा. पर आधी झाडाला इचारायचं. रीत सोडायची न्हाई."

म्हणून काम काढण्याच्या आदल्या सांजेला लीलाबाईंनी बुंध्याशी सुपारी ठेवली, अक्षता वाहिल्या आणि हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "उद्या आमी येनार हाय. ज्यांची घरटी असत्याल त्यांनी दुसरी फांदी धरावी. तुला दुखंल, पर तुझ्या बऱ्यासाठीच हाय." मागं मानसिंग टोपी काढून उभा होता. मग लीलाबाई पाटीकडं वळून हळू म्हणाल्या, "तुमीबी रागवू नका."

दुसऱ्या दिवशी दोर लावून वाळक्या फांद्या उतरवल्या. गवंड्यानं फरशी उचकटायला घेतली. पाटी अखंड काढायची खूप खटपट केली, पण सिमेंट पक्कं. पाटीचे दोन तुकडे झाले. गवंडी ओशाळला. लीलाबाई म्हणाल्या, "त्यांचं काम कवा सहजासहजी निघालंय?" तुकडे त्यांनी पदराला पुसून घरी नेले आणि तुळशीपाशी ठेवले.

फरशीखालची माती पिठासारखी कोरडी होती. पांढरी मुळं वर येऊन फरशीला टेकली होती आणि वाट न मिळाल्यानं तशीच आडवी, चपटी होऊन पाराच्या कडेकडेनं फिरली होती. लीलाबाई खाली बसून त्यांच्याकडं बघत राहिल्या. मुळंसुद्धा प्रदक्षिणाच घालत होती. मग दगडी कड काढली, माती हलक्या हातानं भुसभुशीत केली, शेणखत पसरलं.

संयोगिताबाईंनी जाताना बजावलं, "आता पडतील ती पानं इथंच राहू द्या, मावशी. तेच त्याचं जेवण."

पार फोडायला लीलाबाई तयार झाल्या होत्या, पण हे काही केल्या जमेना. देवाच्या दारात कचरा! सकाळी हात आपोआप झाडूकडं जाई. शेवटी मानसिंगनं झाडूच पळवला आणि स्वतःच्या माळ्यावर टाकला.

दत्तजयंतीला पादुका मातीवरच एका चौरंगावर मांडल्या होत्या. कीर्तनकार कुठं उभ्या राहणार, याचा दादासोंना घोर. उमाताई आल्या, मोकळी जमीन पाहिली, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "सतरंजी कशाला? उंबराच्या पानांवर उभं राहायचं भाग्य रोज मिळतं का?" टाळ वाजले. पूर्वरंग झाला, उत्तररंगात सती अनसूयेची कथा आली, आणि सूर्य मावळता मावळता पाळणा हलला. लोक पानांवर बसले होते. उठताना सगळ्यांच्या धोतर-लुगड्यांना माती.

आरती झाल्यावर अभिषेकाचं पाणी भरलेलं तपेलं दादासोंनी लीलाबाईंच्या हाती दिलं. त्यांनी ते बुंध्यापासून जरा लांब, जिथं संयोगिताबाईंनी दाखवलं होतं तिथं, सावकाश ओतलं. डोळे उघडे ठेवून. पाणी मातीवर साचलं. त्यावर एक वाळकं पान तरंगलं. मग बघता बघता पाणी कमी झालं, पान खाली बसलं, आणि ओली माती तेवढी राहिली.

झाड जगेल का, हे संयोगिताबाईंनीही सांगितलं नव्हतं. दोन पावसाळे बघू, एवढंच म्हणाल्या होत्या. मानसिंगनं अर्ज मागं घेतला होता. शेड मात्र दुसऱ्या बाजूला हलवली होती.

"काकी," तो प्रसादाची वाटी चाटत म्हणाला, "आता माझं गटार तुंबलं तर?"

"तुझं तू बघ," लीलाबाई म्हणाल्या, आणि तपेलं पुन्हा भरायला नळाकडं निघाल्या.