भिंतीतलं भोक

"मला आत नको टाकू. वासे मोजून मोजून डोळ्यांना बुरशी आली," गवंडी खाटेवरून खेकसला.

"आणि ऊन फिरलं म्हणजे? कांद्यातलं खुरपं टाकून तुमची खाट ओढायला येऊ?" बायको काही कमी नव्हती. पण बोलता बोलताच तिनं खाट अंगणात पेरूखाली ओढली, तांब्या हाताशी ठेवला, काठी टेकवली आणि बांधाच्या वाटेला लागली.

शाळेची भिंत बांधताना परांचीची फळी मोडली आणि गवंडी पाठीवर आपटला. कमरेखाली अंग लाकूड झालं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, कूससुद्धा स्वतःहून बदलायची नाही. गावभर घरं उभी केलेला माणूस, आता पायावरची माशी हाकलायची तरी बायकोला हाक मारायचा.

समोर त्याच्याच घराची भिंत. तिच्या एका भोकात चिमणीनं घरटं केलं होतं. चिमणा-चिमणी सारखे ये-जा करत, आणि चोच दिसली की आत नुसता कालवा. गवंड्याचा दिवस त्यावर सरायचा.

बायको गेली आणि साळुंक्यांची जोडी भिंतीवर उतरली. आधी त्याला बरंच वाटलं. साळुंकी म्हणजे अंगणातलं गरीब पाखरू. पण एक वर पहाऱ्याला बसली, दुसरीनं भोकात मान घातली आणि पिसं नीट न फुटलेलं पिल्लू मानेला धरून बाहेर खेचलं. खाली टाकलं. पुन्हा मान आत.

"हाड! हाड गं रांडे!"

गवंड्यानं तांब्या भिरकावला. तो भिंतीच्या अलीकडेच पडला. काठी फेकली, ती पेरूच्या फांदीत अडकली. मग उशी. साळुंकीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश दुसरं पिल्लू ओढलं. तिनं ओळखलं होतं, हा उठत नाही.

चिमणी जीव तोडून तिच्या डोक्यावर झेपावत होती. मूठभर पाखरू, त्याचा काय जोर!

दुसरं पिल्लू खाली पडलं ते जिवंत होतं. धुळीत चोच वासून हलत होतं. गवंड्यानं दात आवळले, खाटेची कड धरली आणि अंग खाली लोटून दिलं. पाठीतून अशी कळ गेली की तोंडातून आवाजही फुटेना. कोपरांवर सरकत, मेलेले पाय मागं ओढत तो निघाला. हात लांबवला. वीतभर कमी पडला. तेवढ्यात साळुंकी टुणटुणत आली आणि त्याच्या बोटांसमोर पिल्लाच्या डोक्यात चोच मारली. पुन्हा मारली. त्याच्या हाताला ती भ्यालीसुद्धा नाही.

शेजारणीनं त्याला मातीत पडलेलं पाहिलं आणि शेताकडे आरोळी ठोकली. बायको धावत आली. दोघींनी उचलून त्याला खाटेवर घातलं.

"अरे बाबा, चिमणीच्या पिलापायी जीव देतोस का?" शेजारीण म्हणाली.

बायकोनं पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसली. मग एकदम उसळली, "मला हाक मारायची होती!"

"ओरडलो की," तो म्हणाला. "कुणाला ऐकू गेलं?"

तिनं तिथंच चिखल कालवला, शिडी लावली आणि साळुंक्या डोक्याशी किंचाळत असताना रिकामं झालेलं भोक थापून बुजवलं. "आता येऊ दे कशी येते ती!"

गवंड्याला जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कांद्यात गेली आणि शेजारणीच्या वळचणीतून चिमणीच्या पिलांचा तसाच कालवा उठला. साळुंक्यांनी दुसरं घर शोधलं होतं. शेजारीण पाण्याला गेलेली. गवंडी ओरडला, घसा बसेपर्यंत ओरडला. मग त्यानं डोळे मिटून घेतले. कान मात्र मिटता येईनात.