दिवा लागेपर्यंत वायर काढू नका

मी एक चिप बोलतेय. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, काळी, चौकोनी. माझ्या धन्यानं मला कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र असतं, टॉर्चएवढं. त्याच्या पोटात मी बसते. बॅटरीला किती पाजायचं, तिच्याकडून किती काढायचं आणि कधी दार लावून घ्यायचं, एवढाच माझा संसार.

कारखान्यात मला पहिलं काम शिकवलं ते झोपायचं. खोक्यात घालायच्या आधी बजावलं, आता सगळं बंद कर. कुणी बटण दाबून धरेपर्यंत किंवा वायर लावेपर्यंत डोळा उघडायचा नाही. नाहीतर फळीवर पडल्यापडल्याच बॅटरी संपून जायची. मग काय, गोदामात अंधार, दुकानात अंधार. श्वास घ्यायचा तोही चोरून. शेजारच्या खोक्यांत माझ्यासारख्याच कितीतरी मुक्या पडलेल्या. पण आम्ही एकमेकींना हाकसुद्धा मारली नाही. हाकेलाही बॅटरी लागते हो.

मला घेतलं एका कंडक्टरनं. उभा जन्म बसमध्ये "पुढे सरका, पुढे जागा आहे" ओरडण्यात गेलेला माणूस. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. त्याच्या बायकोनं बटण दाबून धरलं तशी मी जागी झाले. त्यानं यंत्र गळ्याला लावलं आणि बोलला. आवाज घोगरा, एकसुरी, पण शब्द त्याचे. बायको तोंड फिरवून रडली.

थोडे दिवस बरे गेले. मग तिचा भाऊ आला. "दाजी, तिकिटं फाडता फाडता रोबोट कधी झालात हो?" सगळे हसले. कंडक्टरही हसला, आवाज न करता. पाहुणे गेल्यावर त्यानं मला टेबलाच्या खणात टाकलं.

"त्याच्या जिभेला हाड नाही, तुम्ही कशाला मनावर घेता?" बायको म्हणाली. पण खण लागला तो लागलाच.

आत मी एकेक दार लावत गेले. आधी दिवा विझवला. मग बटणाकडे लावलेला कान काढून घेतला. शेवटी बॅटरीत घोटभर उरलं तेव्हा तिचा धरलेला हातही सोडला, कारण तळ गाठला की ती परत उठत नाही. ती तिकडे, मी इकडे. एका घरात अबोला धरलेल्या जावांसारख्या.

आज सकाळी खण कधी उघडला, बटण किती वेळा दाबलं, मला काही कळलं नाही. वायर लागली तेव्हा शुद्ध आली. फोनवर बायकोचा आवाज होता, हॉस्पिटलातून.

"कपडे आणायचे राहू द्या. माझं ऑपरेशन दुपारचं होतं, पण आत्ताच नेतायत. तुम्ही दोन बस बदलून पोचेपर्यंत मी आत गेलेली असेन. ऐकताय ना? हो असेल तर एकदा टकटक करा."

टक.

"नुसत्या टकटकीवर आत पाठवता होय मला?"

त्यानं यंत्राकडे पाहिलं. दिवा नाही. वायर उपसली, पुन्हा लावली. दिवा नाही. पुन्हा उपसली. अहो, उपाशी जिवाला एकदम ताट वाढत नाहीत, चमच्याचमच्यानं पाणी पाजतात! बॅटरी तशीच निपचित. मी थेंबथेंब देत होते. ती जरा सावरेपर्यंत दिवा लावायची मला मुभा नाही. त्यानं उपसली की माझं पाजणंही थांबायचं. ओरडावंसं वाटलं. पण मी दुसऱ्याच्या आवाजाची राखण करणारी, मला स्वतःचा कुठला?

"काय खुडबुडताय?" ती म्हणाली. "यंत्र काढलंत? दिवा लागेपर्यंत वायर काढायची नाही! खाली ठेवा ते. माणूस चढायच्या आधी घंटी मारायची सवय तुमची."

मग ती बोलत राहिली. शेजारणीकडे किल्ली द्या, गॅस बंद केलात ना, निळा शर्ट घाला, लेकीनं चहात साखरच घातली नव्हती काल. मध्येच थांबायची. "लागला?" टक, टक. म्हणजे नाही. "बरं." आणि पुन्हा किल्ली, गॅस, शर्ट. आवाज मात्र बारीक होत चाललेला.

मागून कुणी म्हणालं, "मावशी, चला, न्यायला आलोय."

"थांब रे बाबा, नवऱ्याशी बोलतेय."

तेवढ्यात बॅटरीनं डोळे उघडले. मी दिवा लावला.

वायर काढून त्यानं यंत्र गळ्याला टेकवलं. "जेवलीस का?"

मग ती हसली की रडली, मला नाही सांगता येणार. "अहो, ऑपरेशनला उपाशीच ठेवतात मेले! एवढ्या दिवसांनी तोंड उघडलंत ते हे विचारायला?"

"मी येतो..." तो म्हणाला, आणि बॅटरी बसली. मला दार लावावंच लागलं. पुढे ती काय बोलली ते मी ऐकलेलं नाही.

आता आम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आहोत. ती अजून आत आहे. लेक औषधं आणायला गेलीय. बाकाशेजारच्या प्लगला त्यानं मला लावलंय. येणारे-जाणारे वाकून बघतात. "काका, बंद पडलंय ते. दिवा कुठे लागतोय?" तो मान हलवतो आणि हात मांडीखाली दाबून बसतो.

तुमच्याही एखाद्या खणात असं काही पडलेलं असेल. मेलं म्हणून फेकू नका. वायर लावा आणि जरा शेजारी बसा. आतून कुणीतरी थेंबथेंब पाजत असतं. त्याला तुम्हाला तसं सांगता येत नाही, एवढंच.

ऑपरेशनच्या खोलीचं दार अजून उघडलेलं नाही. दिवाही लागलेला नाही. पण त्यानं वायरला हात लावलेला नाही.