मागे वळणारी बोटं

"श्वास सोड," म्हणत रत्नाकाकूंनी मालीसच्या पाठीवरचं रेशीम ताणलं आणि सुई घातली. ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नर्तकीच्या चोळीला ना हूक, ना बटणं. दर खेपेला ती अंगावरच शिवायची. अमेरिकेतल्या लोवेलच्या बौद्ध देवळामागच्या हॉलमध्ये नववर्षाची गर्दी जमत होती.

"आंटी, माझ्या याय-ला सांगितलं नाही ना? सरप्राइज आहे."

याय म्हणजे मालीसची आजी, सारोम. श्रूजबरीच्या कारखान्यात रत्नाकाकू आणि ती वर्षानुवर्षं शेजारी बसून खोकी भरत. सारोमच्या उजव्या हाताची बोटं वेडीवाकडी होती. विचारलं की म्हणायची, "मशीनमध्ये गेली." नात नाचणार म्हटल्यावर सारोम हरखून जाईल, असंच काकूंना वाटलं होतं.

मालीस बोटं मनगटाकडे दाबून सैल करत होती, तेवढ्यात दार उघडलं. सारोम उंबऱ्यातच थबकली. मग धावत आली आणि तिनं मालीसच्या तोंडात मारली.

"कोणी शिकवलं? काढ ते! आत्ता काढ!"

"याय, स्टॉप इट!"

सारोमनं चोळी धरून ओढली. टाके तटातटा उसवले. काकूंच्या हातातली सुई त्यांच्याच तळव्यात घुसली.

"वेड लागलं का तुला?" काकूंनी तिला भिंतीशी दाबून धरलं. "पोरीला मारतेस?"

सारोम धापा टाकत होती.

"माझी बहीण राजवाड्यात नाचायची," ती म्हणाली. "लहानपणापासून बोटं अशी मागे वळवून घेतात. मग ती लपवता येत नाहीत. मग सैनिकांनी शहर रिकामं केलं, आम्हाला शेतावर नेलं. तिथं राजवाड्यातली, शिकलेली माणसं हुडकून मारायला रांगेत उभं करून हात बघायचे. एकानं तिची बोटं मागे दाबली. कमानीसारखी वाकली. पोरगंच होतं ते, हसलं. तिला बांधावर बसवलं आणि मानेवर कुदळ घातली. गोळ्या वाचवायच्या होत्या त्यांना."

"आणि तू?"

"मीही शिकत होते, उजव्या हाताची बोटं वळू लागली होती. संध्याकाळी आईनं माझ्या तोंडात फडकं कोंबलं. हात दगडावर ठेवला, आणि मुसळ घेतलं."

काकूंची पकड सुटली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्या सारोमला डब्याचं झाकण उघडून द्यायच्या आणि थट्टाही करायच्या, "मशीनला तूच बरी सापडलीस!" आपल्या तळव्यातून रक्त गळतंय, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

मालीसचा ओठ फुटला होता. उसवलेली चोळी छातीशी धरून ती उभी होती.

"याय, नको नाचू का मी?"

बाहेर लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजू लागलं. सारोमनं अंगठ्यानं नातीच्या ओठावरचं रक्त पुसलं, ते आपल्या कमरेच्या वस्त्राला पुसलं, आणि काकूंकडे वळली.

"शिव हिला. घट्ट शिव."

काकूंनी तळव्याला रुमाल गुंडाळला आणि पुन्हा दोरा ओवला.

मालीस स्टेजवर आली तेव्हा हॉल शांत झाला. तिचा हात सावकाश वर गेला, बोटं मागे वळली, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी हुंदका देऊन रडू लागली. काकूंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

सारोम मागच्या दाराशी उभी होती, स्टेजकडे पाठ करून.

काकू तिच्याजवळ गेल्या. "अगं, इकडे काय करतेस? सुरू झालं."

"तू बघ," सारोम म्हणाली. "मी दार बघते."

उशिरा आलेले दोन तरुण हसत दारातून आत शिरले. सारोम बाजूला झाली नाही. आधी तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं.