उशीची दिशा

कुरामित्सु सुताराच्या पत्राला इसोमुरा मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. नववर्षाची कार्डं मात्र दर साली न चुकता गेली. छापील शुभेच्छा, हवापाण्याची एखादी ओळ आणि खाली सही. जे विचारलं होतं तेवढं सोडून बाकी सगळं गेलं.

फुमिए, म्हणजे मास्तरांची बायको, वारल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले, तेव्हा ते पत्र आलं. लाकडावर खुणा करायच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ‘तुमच्या हिबारी बेटावरची आजाऱ्यांची बोट मी बांधलेली. कधी तरी तिच्या जागी दुसरी लागेल, तीही बहुधा माझ्याच हातून होईल. मी बोट बुडापासून पाहिली आहे, सुकाणूवरून पाहिली आहे, पण आजारी होऊन तिच्यात आडवा कधी पडलो नाही. तुम्ही वहिनींच्या शेजारी बसून गेलात. त्यांना तिथे काय सोसावं लागलं ते मला लिहा. भीड ठेवू नका.’

मास्तरांचा सारा जन्म भिडेतच गेला होता. शाळेत मुलांपुढे त्यांची जीभ चाले, पण फळ्यापासून दूर गेले की ती टाळूला चिकटे. न्हाव्याने कान कापला तरी हे ‘छान झालं’ म्हणून उठतील, असं फुमिए म्हणायची. उत्तर लिहायला ते बसले नाहीत असं नाही. बसले, लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

लिहायचं होतं ते एवढंच होतं. बेट दक्षिणेला, दवाखान्याचं गाव समोरच्या किनाऱ्यावर, उत्तरेला. बोट निघाली की सरळ उत्तरेकडे जाते. आतल्या खाटेची उशी बोटीच्या तोंडाच्या बाजूला. त्या सकाळी अर्ध्या वाटेत फुमिए म्हणाली, “ऊन डाव्या हाताला येतंय. म्हणजे माझं डोकं उत्तरेला आहे.”

उत्तरेला डोकं प्रेताचं करतात, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तर म्हणाले, आता पोचूच. खाट बोल्टांनी आवळलेली, फिरवायला जागा नाही. तेव्हा फुमिएने उशीवरून मान उचलली ती खाली टेकेना. अंगात ताप, मान थरथरतेय, तरी टेकेना. शेवटी मास्तरांनी उशी काढली आणि स्वतःचा तळहात तिच्या डोक्याखाली धरला. “हं,” ती म्हणाली, “हाताला कसली आलीय दिशा.” पुढचा सगळा रस्ता त्यांनी तो हात हलवला नाही. ती पुढे दवाखान्यातच वारली. दुखणंच तसं होतं, बोटीचा त्यात दोष नव्हता.

पण हे लिहायचं कसं? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना होकायंत्र दाखवून ‘उत्तर म्हणजे सुईची ओढ, तिथे काही मरण बसलेलं नाही’ असं शिकवलं, त्या इसोमुरा मास्तरांनी? ते पत्र तसंच राहून गेलं.

आणि आता नवी बोट तयार झाली होती. ताब्यात घेण्याआधी ती तपासायला बेटाच्या संघाचे अध्यक्ष जायचे, पण त्यांची पाठ धरली. मग सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं. मास्तर एक ओळ गाळायचे नाहीत. इंजिन कानेमात्सु तांडेल बघेल, कागद आणि बाकीचं मास्तर बघतील. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. संघाचा शिक्का रुमालात बांधून ते टपालाच्या बोटीने निघाले.

कानेमात्सु त्यांचाच जुना विद्यार्थी; आता त्याच्याही मिशा पांढऱ्या. वाटेत त्याने सांगितलं की दिवस शुभ बघून धरलाय, दुपारी बोट बेटावर न्यायची, बंदराबाहेर डावीकडून तीन फेऱ्या घालायच्या, पुजारी थांबलाय, बोटीवरून गर्दीत फेकायला बायकांनी भाताच्या चिकट वड्या काल रात्रीच कुटून ठेवल्यात. मग आईचं निघालं. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या छातीत महिन्याभरापासून कळ येत होती, आणि ती दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. पैशाला भीत असेल, तो म्हणाला. घरीच मरेन म्हणते, बोटीत घालू नको म्हणते.

कारखान्याच्या दारात कुरामित्सुची मुलगी चिनात्सु वाकून उभी होती. वडील गेल्या वर्षापासून अर्धांगाने बसलेले, आता सगळं तीच बघते. चढावरच्या घराची खिडकी इथून दिसत होती. म्हातारा दिवसभर तिथे बसून असतो, असं ती म्हणाली.

बोट धक्क्याला लागलेली होती. पांढरी, कोरी, उन्हात डोळे दिपवणारी. कानेमात्सु आधी इंजिनवर तळहात ठेवून उभा राहिला. थंड होतं. तो खूश झाला. “आधीच तापवून ठेवलेलं इंजिन म्हणजे पावडर थापून बसवलेली नवरी,” तो म्हणाला. “सकाळी उठून तोंड धुतल्यावर कशी दिसते ते बघायचं असतं.”

“आमची धुतलेलीच आहे, तांडेल,” चिनात्सु म्हणाली. “घ्या बघून.”

मास्तर मात्र दारातूनच आत बघत होते. खाट नवी होती, पट्टे नवे होते, प्राणवायूची नळकांडी चकचकीत होती. उशी बोटीच्या तोंडाकडेच होती. जुन्या बोटीत होती तिथेच.

त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. बाजूने डोळा लावून फायबरला कुठे लाट दिसते का ते पाहिलं. झाकणं उघडून रबर बोटाने चाचपलं. मग वयाचा विचार न करता पोटावर आडवे झाले आणि विजेरी घेऊन फळीखाली डोकावले. समुद्राचं पाणी इंजिनला आणणाऱ्या नळीवर कागदात दोन क्लिपा लिहिल्या होत्या, तिथे एकच होती. त्यांनी तीनदा बघितलं, आपलंच चुकत असेल असं वाटून चौथ्यांदा बघितलं, आणि मग हलकेच सांगितलं. चिनात्सुचा चेहरा उतरला. तिने स्वतः खाली उतरून क्लिप बसवली. कानेमात्सु म्हणाला, “वर्गातसुद्धा असेच. आमचा एक काना सुटत नसे.”

क्लिपचं बोलता आलं. खाटेचं आलं नाही. क्लिप कागदावर होती. खाटेपुढे कागदावर एवढंच होतं की पट्टे वजन धरतात का. ते धरत होते.

मग समुद्रावर गेले. कानेमात्सुने बोट पूर्ण वेगात नेली, एकदम उलटा पंखा फिरवून थांबवली, उजवी-डावीकडे इतकी वळवली की मास्तरांनी डोळे मिटले. सुकाणू सरळ बसलं, धूर पातळ आला, तळ कोरडा राहिला. बेट लांबून दिसलं तिथून त्याने बोट फिरवली आणि परतीला लावली, उत्तरेकडे. तेव्हा मास्तर आत गेले आणि चिनात्सुला म्हणाले, मी जरा आडवा पडून बघतो.

तिने पट्टे बांधले. ऊन डाव्या हाताला आलं. इंजिन नवं होतं, खाट नवी होती, ऊन तेच होतं. बोट लाटेवर आपटली की धक्का थेट डोक्याखाली येत होता, पायांना काही कळत नव्हतं. छतावरचे स्क्रू बघत ते पडून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, चिनात्सुने विचारलं, “उशी टोचते का, मास्तर? बदलून देते.”

तेव्हा त्यांना कळलं की आपली मान उचललेली आहे.

“नाही,” ते म्हणाले, “उशी छान आहे.” आणि न्हाव्याच्या खुर्चीतून उठावं तसे उठले.

कारखान्याच्या खोलीत चहा आला, मुळ्याचं लोणचं आलं. चिनात्सुने स्वीकाराचा कागद पुढे ठेवला आणि शिक्क्याच्या लाल शाईची डबी उघडून दिली. मग काही बोलायचं म्हणून वडिलांचं बोलली. आराखडा चालला होता तेव्हा बाबा बोलू शकत होते. अधूनमधून विचारायचे, इसोमुरा मास्तरांचं काही आलं का. शेवटी म्हणाले, आलं नाही म्हणजे काही उणं नव्हतं. मास्तर गाळणारे नव्हेत. आत सगळं जुन्यासारखंच ठेव.

ती हे मानाने सांगत होती. मास्तरांच्या हातात शिक्का होता. शाईत बुडवून झाला होता, कागदावर टेकायचाच बाकी होता.

आपण बोललो नाही म्हणजे काहीच दिलं नाही, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. त्यांच्या गप्प राहण्यावर कुणीतरी एक अख्खी बोट बांधून मोकळं झालं होतं.

“ही बोट मला घेता येणार नाही,” ते म्हणाले. इतक्या हळू, की कानेमात्सु लोणचं चावतच राहिला. म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. मग कारण सांगावं लागलं. फुमिएचं, उन्हाचं, हाताचं. सांगताना ते शिक्क्याकडेच बघत होते.

कानेमात्सुने खायच्या काड्या खाली ठेवल्या. “मास्तर, तुम्ही? तुम्हीच आम्हाला वर्गात उत्तरेला डोकं करून ओळीने झोपवलं होतंत. बघा, मेलं का कुणी, म्हणून. मी घरी सांगितलं तर आईने मला अंगावर मीठ टाकून अंघोळ घातली.”

“मेलं नव्हतं कुणी,” मास्तर म्हणाले. “पण त्या दिवशी तुमच्यातलं कुणी आजारीही नव्हतं. सुईचं मी शिकवलं ते खरंच आहे, काने. पण दुखणाईत माणसाला उचलून आत ठेवायचं आणि ठेवतानाच त्याला सांगायचं की तू मेलास... हे बरं नव्हे.”

 चिनात्सु मनाशी हिशेब करत होती. माणूस मागच्या दाराने डोक्याकडून आत जातो, म्हणून नळकांडी पुढे, म्हणून उशी पुढे. कधी कुणी विचारच केला नव्हता. उलटं करायचं तर नळकांडी, बसायची जागा, दिवा, सगळं हलवावं लागेल. होईल, ती म्हणाली, पण आज बोट नेता येणार नाही.

कानेमात्सुचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने खायच्या काड्यांची रिकामी लांब डबी चहाच्या भांड्यांच्या मधोमध बोटीसारखी ठेवली होती आणि तिच्यावर दात कोरायची एक काडी, खाटेवरच्या माणसासारखी, टोक पुढे करून निजवली होती. डबी हळूच पुढे सरकवली. मग फिरवून मागे आणली. त्याचा चेहरा बदलला.

“वहिनींना परत मीच आणलं होतं,” तो म्हणाला. “येताना बोटीचं तोंड दक्षिणेला. म्हणजे जिवंत होत्या तेव्हा त्यांचं डोकं उत्तरेला, आणि गेल्यावर दक्षिणेला. दोन्ही वेळा उलटं. मी सुकाणूवर होतो, मास्तर. माझ्या ध्यानातच आलं नाही.”

त्याने काडी उचलली, टोकं बदलून पुन्हा ठेवली. डबी पुढे नेली, मागे आणली.

“असं केलं तर जाणारा जिवंत माणसासारखा जाईल. आणि आणायचीच वेळ आली कुणाला, तर तोही नीट येईल.”

मास्तरांनी ते बघितलं. त्यांना वाटलं होतं की आपण एका बाईच्या हट्टासाठी सगळ्यांचा शुभदिवस मोडतोय. परतीच्या वाटेचं त्यांनीही कधी मनात आणलं नव्हतं. त्या दिवशी ते खाटेशेजारी बसले होते, पण त्यांना ऊन दिसलं नव्हतं.

त्यांनी शिक्का कागदाने स्वच्छ पुसला आणि रुमालात बांधला.

बेटावर फोन करायचं कानेमात्सुच्याच गळ्यात पडलं. तो दाराशी जाऊन आईशी बोलला. कारण काय सांगू, असं त्याने वळून विचारलं, आणि मास्तर म्हणाले, खरं ते सांग. मग तो बराच वेळ नुसतं ऐकत होता. परत आला तेव्हा नजर चुकवत होता.

“वड्या पाण्यात घालून ठेवते म्हणते, टिकतील,” तो म्हणाला. जरा थांबला. “आणि खाट फिरवली की आधी तिला दाखवायची. म्हणते, मग बघू दवाखान्याचं. मी खुळा, मला पैशाचं वाटत होतं.”

चिनात्सु मास्तरांना म्हणाली, वर चला, बाबांना भेटा, त्यांना सगळं समजतं, नुसतं बोलता येत नाही. मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. आत कुणीतरी बसलेलं दिसत होतं. त्यांनी अंगणात उभं राहूनच कमरेत वाकून नमस्कार केला, आणि पाठ सरळ करायला त्यांना वेळ लागला. पण वर गेले नाहीत. म्हातारा बोलू शकत नाही आणि आपल्याच्याने बोलवत नाही. दोघं समोरासमोर नुसते बसून राहू. शिवाय त्याने विचारलं होतं ते पत्राने.

परतीची टपालाची बोट सुटायला अवकाश होता. त्यांनी चिनात्सुकडून एक कागद आणि पाकीट मागून घेतलं. या वेळी खोडावं लागलं नाही. ‘तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला. तुमची बोट उत्तम आहे. आजचीही, आणि ती जुनीही. फुमिएला त्या बोटीत एकच गोष्ट सोसावी लागली,’ अशी सुरुवात करून त्यांनी सगळं लिहिलं, दोन्ही वाटांचं लिहिलं, आणि काडी फिरवणाऱ्या कानेमात्सुचं नावही घातलं. शेवटी लिहिलं की ऊन बोटीच्या कुठल्या बाजूने आत येतं ते मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

पत्ता पाठ होता. दर नववर्षाला लिहून लिहून हातात बसला होता. कारखान्याच्या फाटकाशी लाल टपालपेटी होती. ती आणि ती खिडकी यांत हाक ऐकू जाईल एवढंच अंतर. मास्तरांनी पाकिटाची कड एकदा बोटाने चाचपली, ज्या तळहातावर फुमिएचं डोकं होतं त्या हातात ते धरलं, आणि पेटीत सोडलं.