हक्काचा प्रयोज्य

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला माणूस लागतो. रसायनवाल्यांचं बरं असतं. त्यांची आम्लं कपाटात बसून असतात, त्यांची कधी एसटी चुकत नाही. मानसशास्त्राच्या मुलांना मात्र परीक्षेला आपापला माणूस घरून आणावा लागतो, ज्याच्यावर प्रयोग करायचा. त्याला म्हणायचं प्रयोज्य. भोरमधल्या त्या लहानशा कॉलेजात येणारी मुलं लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरची. त्यांचे प्रयोज्य ऐन परीक्षेच्या दिवशी कुणी लग्नाच्या वऱ्हाडात निघून गेलेले असत, तर कुणी कापूरहोळला गाडीची वाट बघत उभे असत. मग मुलं रडकुंडीला येऊन केशवरावांच्या घराकडे पळत.

केशवराव म्हणजे मानसशास्त्र शिकवणाऱ्या मिताली मॅडमचे वडील. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. पोरगं दारात दिसलं की ते चष्मा पुसत, इस्त्रीचा सदरा चढवत, प्रयोगशाळेतल्या खुर्चीत ताठ बसत आणि साक्षीला उभं राहिल्याच्या थाटात म्हणत, "प्रयोज्य हजर." मुलं हसत, परीक्षकही हसत. त्यांचा आवडता प्रयोग स्मरणाचा. पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि प्रयोज्याने आठवतील तेवढे शब्द सांगायचे. कंदील, चाळण, पायरी, जांभूळ, घंटा... विभाग सुरू झाला तेव्हा मितालीनेच एका दुपारी बसून ती यादी केली होती. पुठ्ठ्यावर चिकटवली ती चिकटवलीच. चालतंय ना, मग बदलायची कशाला, हा आपल्याकडचा सनातन धर्म. तिथे मानसशास्त्र तरी कसं सुटेल.

मितालीच्या आईने, सरोजबाईंनी, पहिल्यांदा तक्रार केली त्याला वर्ष होऊन गेलं असेल. मितालीचं सासर नसरापूरला. ती सकाळी भोरला यायची, मधल्या सुट्टीत आईच्या हातची भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. आई म्हणाली, यांचं काहीतरी बिनसलंय. एकच गोष्ट चारदा विचारतात, रात्री उठून दाराच्या कड्या तपासतात. मिताली म्हणाली, वय झालंय आई. पुढे आई म्हणाली, वस्तू हरवतात आणि माझ्यावर आळ घेतात. चष्मा मीच लपवला म्हणतात, छत्री मीच माहेरी दिली म्हणतात. मितालीने वडिलांना विचारलं तर ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईकडे जरा लक्ष दे. ती वस्तू ठेवते कुठेतरी आणि विसरते. वर मलाच वेड्यात काढते."

दोघांपैकी एकाचं खरं, एकाचं खोटं. अशा वेळी साधी लेक काय करील? आईजवळ दोन रात्री राहील, डोळ्यांनी बघेल. मिताली शास्त्र शिकलेली होती. सांगोवांगीवर विसंबू नका, मोजून बघा, असं ती दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची. तिने पुठ्ठा घरी आणला आणि वडिलांना समोर बसवून यादी वाचली. केशवरावांनी पंधराच्या पंधरा शब्द सांगितले, तेही क्रमाने. मग तिने आईला बसवलं. सरोजबाई जन्मात कधी परीक्षेला बसल्या नव्हत्या, आणि रात्रभर कड्यांचा आवाज ऐकून डोळे तारवटलेले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी कंदील म्हटलं, चाळण म्हटलं, मग इकडचे तिकडचे चार शब्द सांगितले आणि गप्प झाल्या. नवऱ्याकडे बघून कसनुसं हसल्या. केशवराव मितालीला म्हणाले, "बघितलंस?"

मितालीने बघितलं. जे बघायला नको होतं ते अगदी नीट बघितलं. तिने आईला जवळ घेतलं, धीर दिला, आणि आता या वयात थोडी विश्रांती हवी म्हणून मार्गासनीला मामाकडे पोचवलं. सोमनाथमामाला बाजूला घेऊन सांगितलं की आई हल्ली विसरते, गॅसपाशी एकटी सोडू नका. सरोजबाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, यांना रात्री दूध कोमट करून लागतं. ते तू लक्षात ठेव, माझा आता काय भरवसा.

त्यानंतर केशवराव एकटेच राहत होते. खाणावळीतून डबा येई. मिताली मधल्या सुट्टीत डोकावे, तर ते बाहेरच्या खोलीत सदरा घालून पेपर वाचत बसलेले असत. आई नसल्याने भाकरीचा प्रश्नच मिटला होता, त्यामुळे ती स्वयंपाकघरात कधी गेलीच नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला त्या वर्षी पुण्याकडून आलेल्या बहिःस्थ परीक्षक बाई कडक होत्या. मुलं आधीच सगळं घोकून येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी पर्समधून स्वतःची यादी काढली आणि कॉलेजचा पुठ्ठा बाजूला सारला. भार्गवी नावाच्या मुलीचा प्रयोज्य म्हणजे तिचा चुलतभाऊ. तो आलाच नाही. ती पळत जाऊन केशवरावांना घेऊन आली. ते खुर्चीत बसले, ताठ झाले, "प्रयोज्य हजर" म्हणाले. भार्गवीने एकेक शब्द सावकाश वाचला. आरसा, वेलची, मांजर, खिडकी, नांगर. यादी संपली तशी ती म्हणाली, "आता आठवतील तेवढे शब्द सांगा, काका."

"कंदील," केशवराव म्हणाले. "चाळण, पायरी, जांभूळ, घंटा."

पंधराही शब्द त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले आणि शाबासकीची वाट बघत बसले. भार्गवीने गोंधळून मितालीकडे पाहिलं. परीक्षक बाई पुन्हा वाचा म्हणाल्या. तिने पुन्हा आरसा, वेलची, मांजर वाचलं आणि केशवरावांनी पुन्हा कंदील, चाळण, पायरी सांगितलं. वाचलेल्यातला एकही शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. तिसऱ्यांदाही तेच. बाई मितालीच्या कानाशी लागून म्हणाल्या, पाठ करून आलेत वाटतं. मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं.

टेबलावर मेंदूचा प्लास्टरचा नमुना ठेवलेला होता. त्याचे तुकडे सुटे होतात. आतल्या बाजूचा, करंगळीएवढा वाकडा तुकडा हातात धरून मिताली दरवर्षी मुलांना सांगायची की हा हिप्पोकॅम्पस. नवी आठवण आत जाते ती याच्या दारातून. हे दार बिघडलं तरी जुनं मुरलेलं सगळं आत शाबूत राहतं, लोणच्यासारखं. फक्त नवी फोड आत पडत नाही. त्यामुळे असा माणूस चारचौघांत छान बोलतो आणि कुणाला संशय येत नाही. हे तिचं स्वतःचं वाक्य होतं. सरावाचा परिणाम म्हणजे काय, तेही तिने शिकवलं होतं. एकाच प्रयोज्याला तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली तर तुम्ही त्याची स्मृती मोजत नसता, त्याचा सराव मोजत असता. हा प्रश्न तिने पेपरात कितीदा तरी काढला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला तिथेच मोठ्याने रडावंसं वाटलं. पण परीक्षा चालू होती, आणि पुढच्या मुलीची पाळी आली होती.

परीक्षा संपल्यावर ती वडिलांना घेऊन घरी गेली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडून मोरीत पडलं होतं. ओट्याखाली दुधाच्या पिशव्या फुगून आंबल्या होत्या. वरण-भात टाकायचा म्हणून तिने तांदळाच्या कोठीत हात घातला तर हाताला कागद लागला. एकेक पुडी तिने बाहेर काढली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला चष्मा. किल्ल्यांचा जुडगा. दाढीचा ब्रश. आईच्या माहेरून आलेली अत्तरदाणी. तळाशी, तांदळात खोल रोवलेली, घडीची छत्री.

"बाबा, हे इथे कुणी ठेवलं?"

केशवरावांनी पुड्यांकडे बघितलं. "तुझी आई," ते म्हणाले. "तिला सांगून सांगून थकलो मी."

आई मामाकडे जाऊन दोन महिने होत आले होते, आणि कागदांवर गेल्याच आठवड्यातल्या बातम्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला वडिलांपाशी बसवून मिताली मार्गासनीला निघाली. भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर. आपलं घर डोळ्यांसमोर असून तिथे न उतरता ती वेल्ह्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये चेंगरून बसली. दोन्ही बाजूंना भात निघून गेलेली खाचरं उघडी पडली होती, आणि आईला काय सांगायचं ते तिने वाटेत चार प्रकारे जुळवून बघितलं. एकही प्रकार धड नव्हता.

सोमनाथमामा अंगणातच भेटला. तो मोठ्या विश्वासाने म्हणाला, "ताईला आमी कायबी करू देत न्हाई बघ. तू सांगितलं व्हतंस तसं. चुलीकडं तर फिरकूबी देत न्हाई. लई जपतोय."

सरोजबाई ओटीवर बसल्या होत्या. जन्मभर ज्या हातांना क्षणाची उसंत नव्हती ते मांडीवर नुसते ठेवलेले. अंगाने निम्म्या झालेल्या. लेकीला बघून उठल्या, चहा टाकते म्हणाल्या, आणि मग आतल्या दाराकडे बघून भावजयीला विचारलं, टाकू का गं? सकाळी उठल्यावर आई काल रात्री काय जेवलो ते स्वतःशी म्हणून बघते, मग भावांची नावं, मग जावांची, असं मामीने चहा देताना हळूच सांगितलं.

जुळवून आणलेलं एकही वाक्य मितालीला आठवलं नाही. तिने सगळं सरळ सांगून टाकलं. यादी जुनी होती. बाबांना ती वर्षानुवर्षं पाठ आहे. नवी यादी वाचली तर एक शब्द राहत नाही. वस्तू तेच लपवतात, तांदळात सापडल्या. तू म्हणत होतीस ते सगळं खरं होतं. "तुला काही झालेलं नाही, आई. चूक माझी आहे."

समोरच्या अंगणात मामीची कोंबडी उगाच उकरत होती, सरोजबाई तिच्याकडे बघत राहिल्या. एवढ्या दिवसांचा आळ उतरला, तर चेहऱ्यावर थोडं तरी समाधान दिसावं म्हणून मिताली त्यांच्याकडे आशेने बघत होती. ते काही दिसलं नाही.

"मी मनाची समजूत घालून घेतली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हटलं, मीच बिघडलेय, तर असू दे. हे तर धड आहेत. म्हातारपणी एकाला तरी सगळं आठवेल." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "कशाला आलीस गं हे सांगायला?"

आईचं खरं ठरवायला म्हणून मिताली आली होती, आणि आईजवळ उरलेली शेवटची गोष्ट तिने काढून घेतली होती. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सरोजबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, दूध कोमट करून देतेस ना त्यांना? आणि उठून पिशवी भरायला लागल्या.

भोरला पोचेपर्यंत दिवस कलला. शेजारीण दिवा लावून बसली होती, ती दोघींना बघून उठून गेली. केशवराव बाहेरच्या खोलीत होते. दारात पिशवी घेतलेली बाई बघून ते क्षणभर थबकले, मग लगबगीने उठले, खुंटीवरचा सदरा चढवला, वरचं बटण लावलं आणि खुर्चीत ताठ बसले.

"प्रयोज्य हजर," ते म्हणाले.

मितालीने "बाबा, आई आहे" म्हणायला तोंड उघडलं. सरोजबाईंनी मागे हात करून तिला थांबवलं. पिशवी खाली ठेवली, समोरची खुर्ची ओढली आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्यावर बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

केशवरावांनी सांगितलं. कंदील, चाळण, पायरी, जांभूळ, घंटा, पार शेवटापर्यंत, कुठेही न अडखळता. मग गळा साफ करून विचारलं, "किती बरोबर आले?"

"सगळे बरोबर."

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, खुर्ची थोडी पुढे सरकवली आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक विनंती होती. आमच्या घरी तेवढं सांगा. ती म्हणते मी विसरतो. माझ्यावर विश्वास नाही तिचा."

"सांगते हं," सरोजबाई म्हणाल्या, आणि दूध कोमट करायला आत गेल्या.