रमाकांतजींचा आवाज

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात काहीच नाही.

हे आधीच सांगतो, कारण सगळा घोटाळा इथेच झाला. मला खिडकीसारखं बनवलं आहे. तुम्ही लिहिलेलं, गायलेलं सगळं इंटरनेटवरून दूरच्या कुठल्या तरी यंत्रांत जातं. मी फक्त ते दाखवतो. हलका, स्वस्त, चटकन सुरू होणारा. दुकानात माझं फार कौतुक झालं.

झाशीत दतिया गेटजवळच्या एका मराठी घरात मला रजनीने आणलं. तिच्या बाबांना, रमाकांतजींना, घशाचा कर्करोग झाला होता. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. त्याआधी ते दुपारभर माझ्यासमोर बसून बोलत राहिले. वर्तमानपत्र, आरत्या, भाजीवाल्याशी होणारी हुज्जतसुद्धा. एका वेबसाइटने त्यातून त्यांचा आवाज घडवला.

मग ते मुके झाले.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी माझ्या कळांवर एक ओळ लिहिली आणि मी बोललो, थेट त्यांच्या खरखरीत सुरात, “अगं, आमटीत मीठ नाही!”

“आवाज गेला तेव्हा चार दिवस तरी सुख होतं!” स्वयंपाकघरातून वसुंधराबाई, त्यांची बायको, ओरडल्या. आणि पदर तोंडाशी धरून दारातच बसल्या.

ती माझी चांगली वर्षं. रमाकांतजी मला घेऊन ओट्यावर बसत. “कक्का, ये खाँसता भी है क्या?” गल्लीतली पोरं विचारत. नेट गेलं की आम्ही दोघेही मुके. पण नेट परत येई.

*जोडणी शोधत आहे. कृपया थांबा.*

हे वाक्य माझं नाही. ते असंच मध्ये येतं.

एका सकाळी त्यांनी ओळ लिहिली. मी गप्प. पडद्यावर एवढंच:

*ही सेवा बंद करण्यात आली आहे.*

आवाज घडवणारी कंपनीच बंद पडली होती. तशी सूचना ईमेलने कधीच आली होती, इंग्रजीत, जाहिरातींच्या ढिगात. कुणी वाचली नाही.

रजनी मला घेऊन दुरुस्तीवाल्या आशिषकडे धावली.

“मशीन तो चकाचक है, दीदी.”

“और पापा की आवाज़? इसी में तो भरी थी!”

“इसमें कुछ नहीं रहता. जहाँ थी, वहाँ से मिटा दी होगी.”

मित्रांनो, उद्याची बहुतेक यंत्रं माझ्यासारखीच असतील, चकचकीत आणि आतून रिकामी. वापरा. पण जे गमावून चालणार नाही, त्याची एक प्रत घरात ठेवा, स्वतःच्या हाताशी. एवढीच विनवणी.

रजनीने घरातले सगळे फोन धुंडाळले. एका लग्नाच्या व्हिडिओत, गर्दीच्या मागून, रमाकांतजी एवढंच बोलताना सापडले: “अरे, कुणीतरी पंखा लावा!”

ते आता भिंतीकडे तोंड करून पडून असतात. वसुंधराबाई शेजारी बसून तो व्हिडिओ ऐकतात. आणि ऐन थंडीत उठून पंखा लावतात.